नाचवणाऱ्या पोस्ट-पंक बँडचा नवा अल्बम कसा ऐकायचा: आधी पाय, मग कान

फ्रांझ फर्डिनांडचा 'द ह्यूमन फिअर' मी पहिल्यांदा ऐकला तो सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, दारापासून तिसऱ्या रांगेत, एका हाताने वरची कडी धरलेली आणि तोंडासमोर कुणाचीतरी डब्याची पिशवी. दादर येईपर्यंत अल्बम संपला आणि मी लगेच मित्रांच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो की संपले हे लोक, नुसती चिरचिर आहे, दम नाही. मग दोनेक आठवड्यांनी परळला मामाकडे गेलो होतो, मामेभाऊ बेंजो पथकात रोटो (काठ्यांनी वाजवायचे छोटे ड्रम्स) वाजवतो, त्याच्याकडे पथकाचा एक भलामोठा स्पीकर दुरुस्तीनंतर टेस्टिंगला आलेला होता, त्यावर सहज तोच अल्बम लावला आणि पहिल्या गाण्यातच माझं तोंड पडलं. मी ऐकलेला तो अल्बम हा नव्हताच. मी ऐकली होती त्याची वरची साय, खालचं दूध विरार-चर्चगेटच्या खडखडाटात कधीच सांडलं होतं.

तर ज्यांना कुणीतरी 'अरे हे ऐक, पोस्ट-पंक आहे पण नाचता येतं' असं सांगून लिंक पाठवलीये आणि दोन गाण्यांनंतर 'ठीके' म्हणून बंद केलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. (पोस्ट-पंक म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंक रॉकच्या पाठोपाठ आलेलं गिटारवाल्या बँड्सचं संगीत.) उदाहरणाला हाच अल्बम घेतो, पण पद्धत या जातीच्या कुठल्याही बँडला चालेल.

आधी थोडक्यात ओळख. बँड ग्लासगोचा, नाव त्या ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकवरून, ज्याला १९१४ मध्ये साराजेव्होत गोळी घातली आणि पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. पहिला अल्बम २००४चा, त्याच वर्षी त्यांना ब्रिटनचं मर्क्युरी प्राईज मिळालं. पोरींना नाचता येईल असं संगीत करायचं हे सुरुवातीपासून त्यांचं म्हणणं होतं, आणि गिटारवाल्या बँड्सच्या जगात हे तसं धाडसाचंच, कारण तिथे पुष्कळांना मान खाली घालून बुटांकडे बघत वाजवण्यात मोठेपणा वाटतो. 'द ह्यूमन फिअर' आला १० जानेवारी २०२५ला. म्हणजे कालपरवाचा नाही, पण याच्या आधीचा २०१८चा होता, त्यामुळे या मंडळींच्या हिशोबात नवीनच. सहावा अल्बम. मधल्या काळात जुने दोघं निघून गेले, गिटारवाला निक मॅकार्थी २०१६ला आणि ड्रमर पॉल थॉमसन २०२१ला. मूळ चारांतले आता दोघंच, गाणारा अ‍ॅलेक्स काप्रानोस आणि बेसवाला, म्हणजे खालच्या जड सुरांची गिटार वाजवणारा, बॉब हार्डी. ड्रम्सवर ऑड्री टेट. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सामान. फोनच्या स्पीकरवर ऐकायचं नाही, विषय संपला. फोनच्या त्या टीचभर स्पीकरमधून बेस बाहेर पडतच नाही, आणि या संगीतातून बेस काढला तर ते वडापावातून वडा काढण्यासारखं आहे, उरतो पाव आणि चटणी, आणि मग तुम्ही म्हणणार नुसतंच झणझणतंय. माझं लोकलमध्ये तेच झालं. गाडीचा आवाज बराचसा खालच्या पट्टीतला असतो, चाकांचा, मोटरचा, रुळाच्या सांध्यांचा, आणि बेस राहतो त्याच मजल्यावर, त्यामुळे गाडी नेमका बेस गिळते आणि वरची गिटार तेवढी शाबूत राहते. नॉईज कॅन्सलिंगवाले हेडफोन असतील तर लोकलमध्येही चालेल, कारण ते मुख्यतः हे खालचेच आवाज मारतात. नसतील तर घरी ऐका. लॅमिंग्टन रोडला फार खर्च न करता कानात घट्ट बसणारे वायरवाले इयरफोन मिळतात, ते पुरेत, फक्त रबराची टोपी आपल्या कानाच्या मापाची हवी. सैल बसली की पहिला पळतो तो बेसच. बोटाने इयरफोन जरा आत दाबून बघा, आवाज एकदम भरला तर समजायचं की टोपी लहान पडतेय.

आणि अ‍ॅपमधलं ते 'बेस बूस्ट' बंद ठेवा बरं का. मोह होतो, मला पण होतो. पण ते चालू केलं की बेसचे सूर एकमेकांत कालवले जातात, नुसती ढुमढुम उरते आणि आपल्याला तर सूर ऐकायचेत. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं विरता विरता पुढचं सुरू करणारी सोय) पण बंद. ३५ मिनिटांच्या आसपासचा अल्बम आहे, अकरा गाणी, एवढा वेळ आपण ओला कॅब शोधण्यात घालवतो.

पहिली फेरी चालत ऐकायची. खरंच सांगतोय. बसून ऐकलं की डोकं कामाला लागतं, हे कुणासारखं वाटतंय, हे आधी कुठे ऐकलंय, आणि हे संगीत त्या चौकशीसाठी बनलेलंच नाही. मी हे मरीन ड्राइव्हवर करतो. नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहाच्या टोकाला सुरू करायचं आणि गिरगाव चौपाटीकडे चालत सुटायचं, साधारण तीन किलोमीटर अंतर आहे, भराभर चाललात तर शेवटचं गाणं संपता संपता चौपाटी येते. सकाळी लवकर जा, संध्याकाळी वारा कानात घुसतो आणि शिवाय दर चार पावलांवर कुणीतरी सेल्फी काढत असतं. या प्रकारातली पुष्कळ गाणी मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांच्या घरात असतात आणि भराभर चालणारा माणूस पावलंही साधारण तेवढीच टाकतो, म्हणून पाय आपोआप ठेक्यात पडतात. नाही पडले तर ओढूनताणून पाडू नका. कुठल्या गाण्याला पाय पडले आणि कुठल्याला अडखळले एवढंच ध्यानात ठेवायचं. (आणि हेडफोन लावून रूळ ओलांडू नका, रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवा, हे तुमच्या आईने सांगितलंच असेल, मी पण सांगतो.)

चालताना एक मोजणी करून बघा. 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि'. पाऊल पडतं ते आकड्यावर, तिथेच ड्रमरच्या पायाखालचा मोठा ढोल वाजतो, धप, धप, धप, धप, चारही ठोक्यांना. हा डिस्कोकडून आलेला ठेका. आता 'आणि' वर लक्ष द्या, तिथे झांजेसारखं 'त्स' ऐकू येईल, हाय-हॅट म्हणतात तिला, दोन थाळ्या एकमेकींवर असतात आणि नेमक्या त्या क्षणी थोड्या उघडतात. धप-त्स-धप-त्स. ही 'त्स' तुम्हाला वर उचलते आणि 'धप' खाली टाकते, नाच म्हणजे एवढंच असतं खरं तर. आपली पंचाईत टाळीची होते. आपल्याला भजनाची सवय, टाळी समेवर मारायची, एकवर. इथे टाळी दोन आणि चारवर असते, स्नेअरचा, म्हणजे काठीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमचा फटका तिथेच पडतो. मला स्वतःला हे जमायला बरेच दिवस लागले, मुंबईतल्या गिगला अर्धं पब्लिक अजूनही एकवरच टाळ्या मारतं आणि बिचारा ड्रमर हसत वाजवत राहतो.

दुसरी फेरी फक्त बेससाठी. ही फेरी चुकवलीत तर बाकी सगळं फुकट. आपल्या कानाला वळण असं की गाणाऱ्याचा आवाज पुढे आणि बाकीचे मागे साथीला. इथे कामांची अदलाबदल झालेली आहे. चाल बेस सांभाळतो. तुम्हाला गाणं गुणगुणायचं असेल तर शब्द सोडा आणि बेस गुणगुणा, तोंड बंद ठेवून, घशात. पहिल्यांदा सापडत नसेल तर आवाज कमी करा, वाढवू नका. आवाज कमी केला की वरची गजबज बसते आणि खाली काहीतरी रांगत चाललेलं कळायला लागतं. बॉब हार्डीची गोष्ट इथे उपयोगी पडते, बँडमध्ये यायच्या आधी या माणसाला बेस वाजवता येत नव्हता, बँडसाठी शिकला. म्हणून त्याचे बेस गुणगुणायला सोपे आहेत, कसरती नाहीत, मोजके सूर आणि ते नेमक्या वेळी. सुरुवात त्याच्यापासून केली तर कान लवकर तयार होतो.

ज्यांना बेसचं हे प्रकरण किती गंभीर आहे ते बघायचंय त्यांच्यासाठी एक जुना दाखला देतो. १९७९ला पब्लिक इमेज लिमिटेड नावाच्या बँडने 'मेटल बॉक्स' काढला, सिनेमाचं रीळ ठेवतात तसल्या पत्र्याच्या गोल डब्यात, आत एका मोठ्या तबकडीऐवजी तीन तबकड्या, ४५च्या वेगाच्या. वेग जास्त आणि एका बाजूला गाणी कमी, त्यामुळे खाचा रुंद पाडता येतात आणि रुंद खाचेत बेस मावतो. जमैकाचं डब, म्हणजे रेगेतून निघालेलं, बेस पुढे आणणारं संगीत ऐकून वेडे झालेले लोक होते ते. डबा उघडताना तबकडीला ओरखडे पडायचे तो भाग वेगळा.

तिसऱ्या फेरीला गिटार. आणि इथे मला मामेभावाने शिकवलं, मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्या दिवशी स्पीकरवर गाणं चालू असताना तो दोन मिनिटं ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, हा गिटार नाय वाजवत रे, हा ताशा वाजवतोय." झालं, यापेक्षा नेमकं कुणी सांगू शकत नाही. ही गिटार सूर लांबवत नाही, तोडते. च्यॅक, च्यॅक-च्यॅक, मध्ये रिकामी जागा, परत च्यॅक. तार दाबून लगेच सोडायची म्हणजे आवाज मरतो. ढोल खाली जड चालीने चालतो आणि ताशा वर तडतडत त्या चालीला चिमटे काढत राहतो, मिरवणुकीत हे आपण लहानपणापासून ऐकलंय, फक्त कधी वेगळं काढून ऐकलेलं नसतं. लालबाग-परळच्या पोरांना हे संगीत कळायला खरं तर इंग्लंडातल्या पोरांपेक्षा सोपं जायला हवं असं माझं ठाम मत आहे.

या ताशागिटारचा मूळ पुरुष म्हणजे लीड्सच्या गँग ऑफ फोरचा अँडी गिल. १९७९चा 'एंटरटेनमेंट!' ऐका. सगळे वाल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं) वापरायचे कारण त्यांचा आवाज उबदार, हे लोक मुद्दाम ट्रान्झिस्टरवाले वापरायचे कारण त्यांचा आवाज कोरडा आणि टोचरा. सोलोच्या जागी गिल कधी कधी चक्क थांबायचा. सगळ्यांना वाटायचं आता वाजवेल, आणि हा गप्प. त्या गप्प जागेत बेस आणि ड्रम्स उघडे पडतात आणि तिथेच कंबर हलते. गिल २०२०च्या फेब्रुवारीत गेला. फ्रांझ फर्डिनांड ऐकताना त्याची पोकळी शोधा, कुठे गिटार थांबली आणि काय उघडं पडलं.

आता शब्द. शब्द मी मुद्दाम चौथ्या फेरीपर्यंत ढकलले, कारण आपण इंग्रजी गाण्याला बसलो की शब्दांचे अर्थ लावण्यातच दमतो. या अल्बमच्या नावाचा अर्थ माणसाला वाटणारी भीती, आणि बऱ्याच गाण्यांत कुठली ना कुठली भीती आहे, पण रडगाणं एकही नाही. 'द डॉक्टर' घ्या. गाण्यातला माणूस बरा झालाय आणि त्याला हॉस्पिटल सोडायचंच नाही. काप्रानोसला लहानपणी दमा होता, हॉस्पिटलचा अनुभव घरचाच. आता विचार करा, डिस्चार्जला नको म्हणणारा पेशंट आणि खाली उडत्या चालीचा ठेका. आपल्याकडे तर डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी भीती सुरू होते ते सोडा. पण दुखरी गोष्ट हसऱ्या ठेक्यावर सांगणं आपल्याला नवीन नाही, गिरणगावातल्या शाहिरांनी आणि तमाशातल्या सोंगाड्यांनी हेच केलं. म्हणून 'गाणं आनंदी आहे की दुःखी' हा प्रश्न इथे विचारू नका, उत्तर मिळणार नाही.

पहिलं गाणं 'ऑडेशस', ते कडक चालीत सुरू होतं आणि कोरसला एकदम उघडतं, गच्चीवर सगळ्यांनी मिळून म्हणावं असं होतं. हे या बँडचं जुनं व्यसन. २००४चं 'टेक मी आऊट' ऐकलं असेल तर आठवेल, आधी पळत सुटतं आणि पहिल्या मिनिटाच्या आसपास गाणं स्वतःच ब्रेक मारून जड, संथ चालीत येतं, आणि नाचायला लोक उठतात ते वेग कमी झाल्यावर! चौथं 'हुक्ड' कीबोर्डच्या जोरावर चालतं, सिंथवाला मोठा आवाज, गिटारप्रेमींनी नाक मुरडलं तरी चालेल, मला आवडतं. 'कॅट्स' वगैरे माझ्या डोक्यावरून गेलं, कुणाला लागलं असेल तर चांगलंच आहे.

नवव्या गाण्यापाशी मात्र थांबा. 'ब्लॅक आयलॅशेस'. काप्रानोसचे वडील ग्रीक, तो स्वतः आधी हंटली आडनावाने वाजवायचा आणि नंतर वडिलांचं आडनाव लावायला लागला. या गाण्यात ग्रीसचं रेबेटिको आलंय, म्हणजे पिरेअससारख्या बंदरांतल्या कष्टकऱ्यांचं, गुत्त्यांचं गाणं, १९२२ नंतर आशिया मायनरमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनी त्यात आपलं दुःख ओतलं. त्यांचं वाद्य बुझुकी, लांब मानेचं, तारा छेडायच्या. आमच्या पथकातला बेंजो ज्याने ऐकलाय त्याला ही झणझण परकी वाटणार नाही. मामेभावाने हे गाणं तीनदा लावायला लावलं आणि तिसऱ्यांदा टेबलावर रोटो धरला. बाकी दहा गाण्यांबद्दल त्याचं मत विचाराल तर "बरी आहेत" एवढंच.

निर्माता मार्क राल्फ आहे, २०१३च्या अल्बमवरही होता, त्यामुळे सगळं घासूनपुसून लख्ख केलेलं आहे. कुणाला हे जास्तच लख्ख वाटेल. मला पण दोनतीन ठिकाणी वाटलं की भिंतीचा रंग इतका ताजा आहे की टेकायला भीती वाटतेय. असं वाटलं की अल्बम टाकून न देता मागे जायचं, जुन्या खरखरीत लोकांकडे, आणि मग परत यायचं.

मागे जायचा रस्ता माझ्या मते असा. आधी ईएसजी, न्यूयॉर्कच्या साऊथ ब्रॉन्क्समधल्या बहिणी. पोरी रस्त्यावरच्या भानगडींत पडू नयेत म्हणून आईने वाद्यं आणून दिली, आणि त्यांनी बेस, ड्रम्स, कोंगा (हाताने वाजवायचे उभे ढोल) आणि आवाज एवढ्यावर घर चालवलं. १९८१ला मँचेस्टरच्या फॅक्टरी लेबलने त्यांचं रेकॉर्ड काढलं, मार्टिन हॅनेटने ध्वनिमुद्रण केलं. इतकं कमी सामान आणि इतकी जागा, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं नीट राहतात तसं. त्यानंतर गँग ऑफ फोर. मग टॉकिंग हेड्सचा १९८०चा 'रिमेन इन लाईट', त्यात नायजेरियाच्या फेला कुटीची छाया, एकच चाल फिरत राहते आणि वर थर चढत जातात, दहीहंडीसारखे. मग न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे', १९८३, साडेसात मिनिटं, पोस्ट-पंकवाल्यांनी मशीनला हात घातला तो क्षण. तिथून एकदम न्यूयॉर्कचे दोन बँड, रॅप्चरचा २००३चा अल्बम आणि एलसीडी साऊंडसिस्टमचा २००५चा, आणि ती काउबेलची, म्हणजे काठीने वाजवायच्या घंटेची टणटण. एवढं झालं की फ्रांझ फर्डिनांडकडे परत या, कुठली वीट कुठून आणलीये ते दिसायला लागेल.

तबकडीवर ऐकायची हौस असेल तर माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब आहे, आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुन्या तबकड्या मिळतात, पण तिथे लतादीदी आणि बोनी एम मिळतील, ग्लासगो मिळेलच याची खात्री नाही. काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं तेव्हा आत उभं राहून ऐकून बघता यायचं, २०१६ला बंद झालं, माझी तिथली शेवटची खरेदी एक कॅसेट क्लीनर होती, यावर न बोललेलं बरं.

आता नाच, म्हणजे शेवटची पायरी. विसर्जनासारखा नाचायचा नाही. हात वर, उड्या, रुमाल दातात, ते आपलं ढोलावर शोभतं, इथे दुसऱ्या गाण्यात दम निघेल. इथे गुडघे सैल ठेवायचे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर ढकलायचं, 'धप' ला खाली आणि 'त्स' ला वर. खांदे थोडे कडक, कोपरं अंगाशी, जरा यंत्रासारखं. चेहरा गंभीर ठेवला तरी चालतो, किंबहुना जास्त छान दिसतो. गर्दीच्या लोकलमध्ये आपण दोन तास उभे राहतो ना, एवढ्याशा जागेत वजन बदलत, बस तेच, फक्त ठेक्यात. जागाही तेवढीच लागते.

घरी करणार असाल तर चटई दुमडून दोन पदरी घाला आणि अनवाणी नाचा. आमच्या खालच्या काकूंना गाण्याचं काही नाही, टाचांचं आहे. मी एकदा 'हुक्ड' वर टाचा आपटल्या तर त्यांनी लाटण्याने खालून छत ठोकलं, चार वेळा. दोन आणि चारवर.